खांदा वारंवार निखळतोय: कारण कसं शोधायचं आणि काय करायचं

समस्या साधारण अशी असते. खांदा एकदा निखळला, दवाखान्यात बसवला, काही दिवस हात गळ्यात बांधला, दुखणं गेलं आणि सगळं पहिल्यासारखं वाटू लागलं. काही महिन्यांनी गाडीच्या मागच्या सीटवरची पिशवी घ्यायला हात मागे टाकला, तर तोच खांदा परत उतरला. मग कबड्डीत, मग पोहताना, आणि शेवटी झोपेत कूस बदलतानासुद्धा. दर वेळी तो निखळायला जोर कमी लागतो आणि बसायलाही कमी त्रास होतो.

दुसऱ्या गोष्टीमुळेच माणूस फसतो. सहज बसतोय म्हणजे दुखणं किरकोळ आहे, असं त्याला वाटतं. खरं उलट आहे. खांदा सहज बसतो, कारण त्याला अडवून धरणारी कड झिजत चाललेली असते आणि भोवतीचं आवरण सैल पडत चाललेलं असतं.

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपी करते. माझ्याकडे कबड्डीची पोरं येतात, जिममधली येतात, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मशिनवर उभी राहणारी माणसं येतात, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतल्या मजूर बाया येतात. यातली बरीच मंडळी खूप उशिरा येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "मॅडम, घरच्या घरी बसवायची सोपी पद्धत सांगा ना." ती पद्धत मी सांगत नाही. जो खांदा घरी बसवला जातो त्याची तपासणी होत नाही, आणि जो तपासला जात नाही तो थांबत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आत्ता, या क्षणी निखळलेला असेल तर

ओळखायला सोपं असतं. खांद्याची गोलाई जाते, वर हाडाचा कोपरा टोचल्यासारखा दिसतो आणि त्याच्याखाली बोटाला खळगा लागतो. माणूस दुसऱ्या हाताने कोपर धरून, किंचित वाकून बसलेला असतो. कोपर अंगाला टेकवता येत नाही.

हात ओढू नका. दंडाचं हाड वरच्या टोकाला मोडलेलं असू शकतं आणि ते बाहेरून कळत नाही. काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि मोठी रक्तवाहिनी निखळलेल्या हाडाला चिकटूनच असतात. मैदानावर एकाने छाती धरायची, दुसऱ्याने मनगट धरून हिसका द्यायचा, हे मी ऐकलेलंही आहे आणि त्याचे परिणाम पाहिलेलेही आहेत. त्या हिसक्यात साधं निखळणं मोडलेल्या हाडात बदलू शकतं. गावाकडे हाडवैद्याकडे नेण्याची रीत आहे. नेणाऱ्याच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण एक्स-रे न पाहता कुणीही, अगदी डॉक्टरनेही, पहिल्यांदा निखळलेला खांदा ओढू नये. तेल लावून चोळणं तर नकोच.

हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत त्याला आधार द्या. हात आणि छाती यांच्यामधल्या फटीत टॉवेलची घडी किंवा छोटी उशी सरकवा आणि ओढणीची किंवा उपरण्याची झोळी करून हात गळ्यात अडकवा. सूज चढायच्या आत अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ काढून घ्या. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं धरा. आणि कितीही वाटलं तरी चहा-पाणी देऊ नका, कारण खांदा बसवताना गुंगी किंवा भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं.

निघण्याआधी तीन गोष्टी तपासा. बोटं हलतात का, मनगटाची नाडी लागते का, आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पोलिसांच्या बाहीवर फीत लावलेली असते, तिथे स्पर्श नीट कळतो का. ती जागा बधिर असेल तर अ‍ॅक्सिलरी नावाच्या नसेवर ताण आलेला असतो. बहुतेकांची नस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होते, पण बधिरपणा खांदा बसवण्याआधीपासून होता की नंतर आला, हे डॉक्टरांना सांगता यायला हवं. बोटं थंड आणि फिकट पडली असतील, नाडी लागत नसेल, तर मित्राच्या मोटरसायकलवर बसवून नेऊ नका. 108 ला फोन करा आणि फोनवरच हे सांगा.

एक वेगळा प्रकार नीट लक्षात ठेवा. शेतावर मोटारीच्या स्टार्टरचा शॉक बसला किंवा फिट आली, आणि त्यानंतर खांदा दुखतोय, हात आतल्या बाजूला वळलेला आहे आणि तळवा वर वळवताच येत नाही, तर हाड मागे निखळलेलं असण्याची शक्यता असते. एरवी निखळणारे बहुतेक सगळे खांदे पुढच्या बाजूला निखळतात. मागे निखळलेला खांदा बाहेरून जवळजवळ नेहमीसारखा दिसतो आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत सहज नजरेतून सुटतो. काखेच्या दिशेने किंवा बाजूने आणखी एक फोटो काढला की तो पकडला जातो. अशा वेळी "शॉक बसला होता", "फिट आली होती" हे तंत्रज्ञाला आणि डॉक्टरांना आपणहून सांगा. निव्वळ मुका मार म्हणून आठवडेच्या आठवडे शेकत बसलेली माणसं नंतर फार अवघड शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात.

दवाखान्यात काय होतं

खांदा बसवण्याच्या पद्धती जुन्या आहेत. हिपोक्रॅटिसच्या ग्रंथांत काखेत टाच रोवून हात ओढण्याची पद्धत आहे. स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर यांनी 1870 मध्ये हात टप्प्याटप्प्याने वळवून बसवण्याची पद्धत मांडली. आता कल कमीत कमी जोर लावण्याकडे आहे. पालथं झोपवून हात टेबलाखाली लोंबता ठेवतात, किंवा कोपर अंगाशी ठेवून हात अगदी सावकाश बाहेर वळवतात, किंवा समोर बसून दंडाचे स्नायू हलके दाबत रुग्णाला खांदे मागे घ्यायला सांगतात. या सगळ्यांत किल्ली एकच: स्नायू सैल पडले की हाड आपल्या जागी जातं. भीतीने आणि वेदनेने आवळलेल्या स्नायूंविरुद्ध ओढाओढ केली की इजा होते.

बसवल्यावर पुन्हा एक्स-रे काढतात. तो टाळू नका. आणि माझी कळकळीची विनंती आहे, खांदा निखळलेला असतानाचा पहिला फोटो फेकू नका. दोन वर्षांनी शस्त्रक्रियेचा विचार करायची वेळ आली, तर खांदा कोणत्या दिशेला निखळतो याचा तोच सगळ्यात खात्रीचा पुरावा असतो. मोबाइलमध्ये तारीख घालून जपून ठेवा.

मग परत का निखळतो?

शाळेत आपण याला उखळीचा सांधा म्हणून शिकलो. पण खुब्याची उखळ खोल असते, खांद्याची उथळ. दंडाच्या हाडाचं डोकं मोठं, खवाट्यावरची वाटी छोटी, आणि कोणत्याही क्षणी त्या डोक्याचा फार तर तिसरा हिस्सा वाटीला टेकलेला असतो. गॅदरिंगमधली चमचा-लिंबूची शर्यत आठवा. लिंबू टिकतं ते चमचा खोल असतो म्हणून नाही. लिंबू कलंडलं की धरणारा चमचाही त्याच्याखाली सरकवतो म्हणून टिकतं. खवाट्याचे आणि खांद्याभोवतीचे स्नायू हेच काम दिवसभर करत असतात. याशिवाय वाटीच्या कडेला कुर्चेची एक चिवट गोल पट्टी असते, तिला लेब्रम म्हणतात. ती वाटी थोडी खोल करते आणि सांध्याचं आवरण तिथेच घट्ट बांधलेलं असतं.

हात खांद्याच्या उंचीला वर असताना मागे खेचला गेला की डोकं पुढच्या कडेवरून घसरतं आणि जाताना ही पट्टी पुढून सोलून काढतं. इंग्लंडचे शल्यचिकित्सक आर्थर बँकार्ट यांनी 1923 मध्ये हीच जखम वारंवार निखळण्याचं मूळ म्हणून दाखवली, म्हणून रिपोर्टमध्ये बँकार्ट लीजन असा शब्द दिसतो. त्याच वेळी दंडाच्या डोक्याची मागची बाजू वाटीच्या कडेवर आदळते आणि तिथे खाच पडते. तिचं नाव हिल-सॅक्स, 1940 मध्ये तिचं वर्णन करणाऱ्या दोन अमेरिकी क्ष-किरण तज्ज्ञांवरून पडलं.

आता पुढचं बघा. सोललेली पट्टी तीन आठवडे हात बांधून ठेवल्याने मूळ जागी चिकटेलच असं नाही. तरुणांत ती बरेचदा थोडी खाली आणि आत सरकून चिकटते, म्हणजे कड पहिल्याइतकी उंच राहत नाही. पुढच्या वेळी डोकं त्याच वाटेने, कमी जोरात निघतं आणि जाता-येता वाटीच्या हाडाची कडही थोडी घासून नेतं. असं होत होत मूळची मऊ पट्टीची जखम हाडाच्या तुटीत बदलते. घरी भिंतीला टेकून स्वतःच खांदा बसवायला शिकलेल्या मुलाचं नेमकं हेच चाललेलं असतं आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

वय हा इथे सगळ्यात मोठा फरक आहे. विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि मुलगा अंगाला भिडणारा खेळ खेळत असेल तर आणखी वाढते. चाळिशीनंतर परत निखळण्याचं प्रमाण बरंच उतरतं. पण तिथे दुसराच धोका असतो.

दिंडोरी तालुक्यात मजुरीला येणारी, पेठकडची एक बाई माझ्याकडे आली होती. वय पन्नाशीच्या आसपास. बागेत विरळणीचं काम चालू असताना स्टुलावरून पडली, खांदा निखळला, त्याच दिवशी बसवला. पुन्हा एकदाही निखळला नाही. पण महिना झाला तरी हात वर जाईना. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी ठरवून टाकलं की खांदा आखडलाय, चोळा, शेका, जबरदस्तीने वर करा. मी तिला खाटेवर निजवलं आणि तिचा हात माझ्या हाताने उचलला, तर तो सगळा वर गेला. आखडलेला खांदा असा जातच नाही. बसवून हात सोडायला सांगितला, तर तो धपकन खाली आला. सांधा मोकळा होता, उचलणारा दोरच तुटला होता. सोनोग्राफीत खांद्याच्या वरचा स्नायुबंध फाटलेला निघाला. चाळिशीपुढच्या कुणाचाही खांदा निखळून बसवला असेल आणि दोन-तीन आठवड्यांनी हात स्वतःच्या ताकदीने वर जात नसेल, तर रोटेटर कफची, म्हणजे खांदा उचलणाऱ्या-फिरवणाऱ्या या स्नायुबंधांची, तपासणी करून घ्या. इथे वेळ महत्त्वाचा असतो. फाटलेला बंध महिनोन् महिने तसाच राहिला की स्नायू आकसतो, त्यात चरबी भरते आणि मग शिवूनही फायदा कमी होतो.

तुमचा खांदा यातला कोणता?

डॉक्टरकडे जायच्या आधी काही प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढा. तपासणीचा अर्धा भाग त्यातच होतो.

पहिल्यांदा कसा निखळला? जोरात पडून, हिसका बसून, की काही विशेष न होता? पहिल्या वेळी मोठा मार लागलेला असेल आणि आता हात वर-मागे गेला की निखळत असेल, तर पट्टी किंवा हाडाची कड तुटलेली असण्याची शक्यता जास्त. काही न लागता निखळला, दोन्ही खांदे सैल वाटतात, अंगठा वाकवला तर मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो, कोपर आणि गुडघे मागे झुकतात, असं असेल तर प्रश्न अंगच्या लवचीकपणाचा आहे. अशा मुलामुलींत पहिला उपचार व्यायामच, तोही चिकाटीने निदान सहा महिने. त्यांचा खांदा घाईने शिवून फारसं हाती लागत नाही. काही मुलं मित्रांना दाखवायला खांदा मुद्दाम बाहेर काढतात. त्यांना रागावण्यापेक्षा ती सवय सोडवायला मदत करा, कारण दर वेळी आवरण आणखी सैल होतं.

झोपेत किंवा खांद्याच्या उंचीपेक्षा बऱ्याच खालच्या कामात निखळतो का? म्हणजे शर्टात हात घालताना, सायकल ढकलताना? हो असेल, तर हाडाची तूट बरीच झाली असावी असा माझा अंदाज असतो आणि मी व्यायाम सुरू करण्याआधी सीटी स्कॅन करून यायला सांगते.

सकाळी उठल्यावर खांदा निखळलेला, जीभ चावलेली, अंग ठणकतंय आणि रात्रीचं काही आठवत नाही, असं कधी झालंय का? मग आधी मेंदूविकार तज्ज्ञांकडे जा. फिट आटोक्यात आल्याशिवाय खांद्याची कोणतीही दुरुस्ती टिकत नाही.

कोणती तपासणी, कशासाठी

"एमआरआय नॉर्मल आहे" म्हणून निर्धास्त झालेले लोक भेटतात. साध्या एमआरआयमध्ये सोललेली लेब्रम कधीकधी निसटते. सांध्यात औषध सोडून केलेल्या एमआर आर्थ्रोग्राममध्ये ती जास्त स्पष्ट दिसते. हाडाची कड किती टक्के गेली हे मोजायला मात्र थ्री-डी सीटी लागतो. खांदा अनेकदा निखळलेला असेल आणि कुणी सीटी न करता थेट शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर "हाडाची तूट किती आहे?" एवढं शांतपणे विचारा. चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो.

उपचार: आधी बिनशस्त्रक्रियेचा

झोळी साधारण एक ते तीन आठवडे. यापेक्षा जास्त बांधून ठेवल्याने तरुणांत परत निखळणं कमी होत नाही, उलट खांदा आखडतो, विशेषतः चाळिशीपुढे. झोळीत असतानाही बोटं, मनगट आणि कोपर रोज हलवायचंच.

नंतरचा व्यायाम बघायला इतका साधा असतो की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. रबराची ट्यूब दाराच्या कडीला कोपराच्या उंचीवर बांधा. कोपर काटकोनात वाकवून अंगाशी ठेवा आणि कोपर व बरगड्या यांच्यामध्ये टॉवेलची घडी धरा. आता पंजा पोटापासून सावकाश बाहेर न्या, सुरुवातीला फक्त समोर सरळ येईपर्यंतच, आणि तितक्याच सावकाश परत आणा. टॉवेल खाली पडला की थांबा, कारण कोपर अंगापासून सुटलं म्हणजे लहान स्नायू दमले आणि मोठे त्यांचं काम करू लागले. मग दुसरीकडे तोंड करून पंजा आत आणा. जोर पंजात नाही, खवाट्यात जाणवला पाहिजे. माझ्याकडे दंड फुगवलेली पोरं येतात आणि सगळ्यात पातळ ट्यूबवर दहाव्या वेळेला त्यांचा हात थरथरतो. बाहेरून दिसणारे स्नायू आणि सांधा धरून ठेवणारे स्नायू वेगळे, हे त्यांना तिथे समजतं.

पुढे भिंतीवर हात टेकून उभ्याने दंड मारणं आणि शेवटी खवाटे भिंतीपासून दूर ढकलणं. मग रांगण्याच्या स्थितीत वजन एका हातावरून दुसऱ्यावर नेणं. मग डोळे मिटून हात समोर धरायचा आणि मी कुठल्याही बाजूने हलकेच ढकलते, तो हलू द्यायचा नाही. या शेवटच्या प्रकाराला लोक सगळ्यात कमी महत्त्व देतात, पण निखळण्याच्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. स्नायूंनी आपणहून जागं व्हायला हवं, आणि ते शिकवावं लागतं. हात डोक्यावर नेऊन करायचे व्यायाम सगळ्यात शेवटी.

जिमवाल्यांसाठी: मानेमागून बार खाली आणणं किंवा वर ढकलणं, खोल डिप्स, रुंद पकडीची बेंच प्रेस आणि डंबेल फ्लाय हे बंद. बाकी बरंच करता येतं, फक्त दोन्ही कोपरं कायम नजरेसमोर दिसली पाहिजेत.

रोजच्या जगण्यात

शहर बसमध्ये त्या हाताने वरचा दांडा धरू नका. अचानक ब्रेक लागला की हात नेमका नको त्या दिशेला ओढला जातो. सीटचा दांडा धरा. शर्ट घालताना दुखरा हात आधी घाला, काढताना शेवटी काढा. झोपताना त्या हाताची उशी करून डोक्याखाली घेऊ नका. पाठीवर झोपत असाल तर कोपराखाली घडी ठेवा, म्हणजे हात मागे पडत नाही.

त्र्यंबक रोडच्या सावरकर तरणतलावात जाणाऱ्यांनी फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोक थांबवावं. उथळ भागात पाण्यात चालणं आणि पायांचा किक चालेल. गोदावरीत मात्र अशा खांद्याने उतरू नका. पाण्यात खांदा निखळला तर माणसाकडे एकच हात उरतो, आणि वाहत्या पाण्यात तो जिवाशी खेळ होतो. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा मारायची ओढ मला समजते, मी इथलीच आहे. पण तिथे हात उघडे टाकून उडी असते, वरून दुसऱ्यांच्या उड्या पडत असतात आणि ओढून बाहेर काढणारा नेमका मनगटालाच धरतो. उपचार पूर्ण होईपर्यंत काठावरून रंग खेळा.

हरिहरगडाच्या कातळातल्या पायऱ्या चढताना बाजूच्या खोबणीत बोटं अडकवून अंग वर घ्यावं लागतं, आणि एक हात सोडून चालण्याजोगी ती जागा नाही. खांदा एकदा निखळून नीट तपासलेला नसेल तर तिथे जाऊच नका. तुमच्या मागे चढणाऱ्यांच्या जिवाचाही तो प्रश्न आहे.

द्राक्षबागेत मांडवाखाली तासन् तास हात वर धरून काम चालतं. खांद्याचे छोटे स्नायू दमले की दुपारनंतर धोका वाढतो. शक्य असेल तिथे उंची वाढवून घड छातीच्या पातळीला येईल असं उभं राहा, पण डुगडुगतं स्टूल नको, आणि तासाभराने खालचं काम घ्या. मुकादमाला हे सांगायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे, म्हणून मी चिठ्ठीवर लिहूनच देते.

शस्त्रक्रिया कधी

व्यायाम मनापासून करूनही निखळत असेल, हाडाची तूट दिसत असेल, किंवा वय लहान आणि खेळ कबड्डी-कुस्तीचा असेल, तर अस्थिशल्यचिकित्सकांशी स्पष्ट बोला. तरुण खेळाडूत काही वेळा पहिल्याच निखळण्यानंतर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात, आणि तो अतिरेक नसतो.

मुख्य प्रकार दोन. दुर्बिणीतून लेब्रम परत कडेला बसवून छोट्या अँकरने, म्हणजे हाडात रोवलेल्या खिळ्यांनी, बांधणं, म्हणजे बँकार्ट रिपेअर. दंडाच्या हाडाच्या डोक्यावरची खाच मोठी असेल तर मागचा स्नायुबंध त्या खाचेत भरून घेतात, त्याला रेम्प्लिसाज म्हणतात. दुसरा प्रकार लाटारजे. फ्रान्सचे मिशेल लाटारजे यांनी 1954 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत खवाट्याच्या पुढे आलेला कोरॅकॉइड हा हाडाचा भाग त्याला चिकटलेल्या स्नायूंसकट कापून वाटीच्या झिजलेल्या कडेवर स्क्रूने बसवतात. हाड गेलेलं असताना फक्त पट्टी शिवली तर ती टिकत नाही, म्हणून वाटीची तूट साधारण 20-25 टक्क्यांकडे गेली की दुसऱ्या प्रकाराकडे वळतात. अलीकडे बरेच शल्यचिकित्सक त्याहून कमी तुटीलाही सावध होतात.

कुणाला कोणती, यासाठी बाल्ग आणि ब्वालो या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी 2007 मध्ये दहा गुणांची मोजणी दिली. वय वीस किंवा कमी असेल तर दोन गुण, स्पर्धात्मक खेळाला दोन, अंगाला भिडणाऱ्या किंवा हात डोक्यावर नेऊन खेळायच्या खेळाला एक, अंगच्या लवचीकपणाला एक, एक्स-रेत दंडाच्या हाडाच्या डोक्यावरची खाच दिसली तर दोन, वाटीची कड पुसट दिसली तर दोन. बेरीज सहाच्या वर गेली तर नुसती दुर्बिणीची दुरुस्ती फसण्याची शक्यता फार, असं त्यांनी दाखवलं. स्वतःची बेरीज घरी करून पाहा. निर्णय डॉक्टरांचाच, पण चर्चा नेमकी होते. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा आणि तुमची शस्त्रक्रिया यादीत बसते का ते विचारून घ्या.

कबड्डीच्या मुलांना मी एक गोष्ट दाखवते. साखळीत उभं असताना चढाईवाला मधून निसटला की साखळीतल्या गड्याचा हात वर-मागे फेकला जातो. खांदा निखळण्याची हीच ती स्थिती. दुरुस्तीनंतर साधारण सहा महिने तरी साखळी नाही, पकड नाही. परतायचं ते कॅलेंडर बघून नव्हे: हात दुसऱ्या बाजूइतका फिरला पाहिजे, ताकद जवळपास तितकीच आली पाहिजे, आणि मी झोपवून हात वर-मागे नेला तर चेहऱ्यावर ती "आता जाईल" अशी भीती दिसता कामा नये. प्रशिक्षकांनी हा शेवटचा मुद्दा गांभीर्याने घ्यावा. पोरगं संघात राहण्यासाठी दुखत नाही म्हणून सांगतं, पण खेळताना तो हात अंगाशी आवळूनच धरतं.

शस्त्रक्रियेनंतरही निखळला तर

लपवू नका. काही जण घरच्यांचा पैसा वाया गेला म्हणून महिनोन् महिने गप्प बसतात. काही दिवसांतच शस्त्रक्रियेची नोंद, दुर्बिणीतले फोटो आणि जुने सगळे एक्स-रे घेऊन जा. एक्स-रे आणि सीटी मागून घ्या: अँकर किंवा स्क्रू जागेवर आहेत का, बसवलेलं हाड जुळलंय का, वाटीची तूट आधी मोजली होती त्याहून जास्त आहे का. बँकार्ट फसली असेल आणि हाड कमी असेल, तर लाटारजेचा पर्याय शिल्लक असतो. ते ठरेपर्यंत ट्यूबचा व्यायाम तुमच्या फिजिओला विचारून, कोपर अंगाशी ठेवूनच करा आणि हात डोक्यावर नेऊ नका.